आधी कोणी मोडायचं?

स्लॅबच्या दिवशी घरमालकाची कामं ठरलेली असतात. सकाळी नारळ फोडायचा, मिक्सरला हळदकुंकू लावायचं, दुपारी सगळ्यांच्या जेवणाचं बघायचं आणि उरलेला वेळ कोणाच्या पायात येणार नाही अशा जागी उभं राहायचं. मीही तसाच एका कोपऱ्यात उभा होतो. घमेली हातोहात वर चढत होती, व्हायब्रेटर घुमत होता, मिस्त्री ओळीने पुढे सरकत होता. एवढ्यात, एरवी चहा विचारला तरी खालच्या आवाजात ‘चालेल’ म्हणणारे आमचे आरसीसी डिझायनर एकदम ओरडले, “ए, गॅलरीवरून उतर! आधी उतर तिथून!”

मला वाटलं, पोरगा तोल जाऊन पडेल म्हणून ओरडले. पण पोरगा सुखरूप होता. सळया सुखरूप नव्हत्या. तो गॅलरीच्या जाळीवर उभा राहून काँक्रीट ओढत होता आणि त्याच्या वजनाने जाळी दोन-तीन बोटं खाली दबली होती. डिझायनरसाहेबांनी काम थांबवलं. फिटरला हाक मारली, सळई वाकवून केलेल्या खुर्च्या जाळीखाली आणखी बसवून घेतल्या, टेप लावून दोन-तीन ठिकाणी मोजलं आणि मगच मिक्सर पुन्हा सुरू झाला.

“दोन बोटांसाठी एवढं?” मी विचारलं.

“लोखंड तेवढंच लागलं असतं, सिमेंट तेवढंच, पैसेही तेवढेच,” ते म्हणाले. “फक्त गॅलरी पडली असती.”

त्या दिवसापासून मी त्या गृहस्थांच्या मागे लागलो. त्यांनीही कंटाळा केला नाही. घर बांधलं जातं पायापासून वर, पण मी ते शिकलो वरून खाली: आधी गॅलरी, मग बीम, मग कॉलम आणि शेवटी, जे सगळ्यात आधी करून पुरून टाकलं होतं, ते फुटिंग.

घरात ताजा मुळा असेल तर दोन्ही हातांनी धरून वाकवा. कट् आवाज येतो आणि भेग पडते ती बाहेरच्या, फुगलेल्या बाजूला. आतली बाजू चेपते, पण मुळा तिथून मोडायला सुरुवात होत नाही. वाकणं म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी: एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि मध्ये कुठेतरी एक थर असा असतो की त्याला यातलं काहीच कळत नाही. काँक्रीट मुळ्याच्या जातीचं. साध्या घरासाठी जे एम-२० प्रतीचं काँक्रीट वापरतात, त्याचा १५ सेंटिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी दाबून बघितला तर ४५ टनांच्या आसपास वजन घेऊन मग फुटतो. ताणात मात्र त्याची ताकद जेमतेम दहावा हिस्सा. तीही भरवशाची नाही, म्हणून डिझायनर ती हिशेबात धरतच नाही; शून्य मानतो. ताणाचं सगळं काम सळईकडे. सोळा मिलिमीटरची, म्हणजे फिटरच्या भाषेत पाच सुताची एकच सळई अंगठ्यापेक्षा जाड नसते, पण हल्लीच्या पाचशे प्रतीच्या लोखंडात ती दहा टनांपर्यंत ताण धरते. दोन हत्ती टांगा.

म्हणून सळई जिथे ताण तिथे. दोन कॉलमांमधला बीम मधोमध खाली झुकतो, त्याचं पोट ताणलं जातं. तिथे सळया पोटात. तोच बीम कॉलमवरून पलीकडच्या खोलीत जातो, तेव्हा कॉलमच्या डोक्यावर त्याची पाठ ताणली जाते. तिथे सळया पाठीत. गॅलरी एका बाजूने धरलेली आणि दुसरीकडून मोकळी, तिची तर सगळी पाठच ताणात. आमच्या गॅलरीची जाडी १५० मिलिमीटर होती. सळया खालच्या कडेपासून १२५ वर हव्या होत्या. पोराच्या पायाने त्या ५० दबल्या असत्या तर उरले ७५. पान्ह्याचा दांडा चाळीस टक्क्यांनी आखूड केला तर नट जसा हलत नाही, तसंच हे. आणखी खाली, त्या काही न कळणाऱ्या थरात गेल्या असत्या तर सळया असून नसल्यासारख्या.

ही ताण-दाबाची भानगड माणसाला उशिरा कळली, याचं मला बरं वाटतं. म्हणजे मला कळली नव्हती यात फार लाज नाही. गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या शेवटच्या ग्रंथात भिंतीत रुतवलेल्या आणि टोकाला वजन टांगलेल्या तुळईचा हिशेब मांडला आहे. नजरकैदेत, म्हातारपणी. त्याने धरलं की तुळई खालच्या कडेवर टेकून फिरते आणि तिचा सगळाच्या सगळा छेद ताणला जातो. खालची बाजू दाबली जाते हे त्याच्या ध्यानात आलं नाही, त्यामुळे तुळईची ताकद खऱ्याच्या तिप्पट निघाली. बरोबर हिशेब बसायला पुढे शंभरावर वर्षं गेली. फ्रान्समध्ये कुलाँ या अभियंत्याने १७७३ मध्ये तो नीट मांडला. पण चुकलेल्या गॅलिलिओलाही एक गोष्ट बिनचूक सापडली होती: रुंदी दुप्पट केली की ताकद दुप्पट, उंची दुप्पट केली की चौपट. आपले सुतार वासा नेहमी उभा घालायचे, आडवा नाही, ते यामुळेच. उंची दुप्पट, तर ताकदीत चौपट आणि वाकण्याला विरोध करण्यात आठपट. बीमची उंची दोन इंच कमी करा, म्हणजे पडद्याचा दांडा नीट बसेल, असं सांगणाऱ्या गृहिणीला आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्याला हा आठाचा आकडा माहीत नसतो.

बीम नेमकं उचलतो काय, हेही मी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर माणसं, कपाटं, पलंग. त्यांनी एका खोलीचा हिशेब सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर करून दाखवला. खोली चार मीटर बाय तीन. स्लॅब १२५ मिलिमीटर जाड. काँक्रीट दर घनमीटरला अडीच हजार किलो. म्हणजे नुसत्या स्लॅबचं वजन पावणेचार टन. आणि त्या खोलीत माणसं, सामान, पाहुणे, सत्यनारायणाची गर्दी सगळं मिळून धरायचं किती? मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, म्हणजे २,४०० किलो. चाळीस माणसं कोंबली तरी पुरेल एवढं, आणि तरीही स्लॅबच्या स्वतःच्या वजनापेक्षा कमी. नऊ इंची विटांची तीन मीटर उंच भिंत तर दर मीटर लांबीला १,४०० किलोच्या घरात जाते. घर आपल्याला उचलत नाही. घर मुख्यतः घराला उचलतं, आणि आपण त्यावर वरकड.

इथे मला शहाणपण सुचलं. मी म्हटलं, “साहेब, आता वरच्या मजल्याच्या बीमला खाली दोन सळया जास्तीच्या टाकू या. पैशाचं मी बघतो.”

“कॉलममध्ये टाका हवं तर,” ते म्हणाले. “बीमला नको.”

आयुष्यभर मी समजत आलो होतो की जितकं लोखंड जास्त तितकं घर मजबूत. आजूबाजूला सगळे तसंच समजतात. ‘आम्ही चांगलं लोखंड घातलंय’ हे सांगताना माणसाची छाती फुगते. त्यांनी मला पुन्हा मुळ्याकडे नेलं. बीम मोडायचाच झाला तर दोन तऱ्हांनी मोडेल. एक, पोटातली सळई आधी हार मानेल. दोन, पाठीचं काँक्रीट आधी चुरडेल. सळई हार मानते तेव्हा ती तुटत नाही, लांबत जाते. बीम झुकतो, पोटाला केसासारख्या भेगा पडतात, त्या रुंदावतात, गिलावा सुटतो, दार चौकटीत घासायला लागतं, फरशी उचलते. घरातली माणसं म्हणतात, काहीतरी बिघडलंय, कोणाला तरी दाखवलं पाहिजे. काँक्रीट चुरडतं तेव्हा काहीही सांगत नाही. आवाज येतो आणि बीम खाली असतो.

दोन्हींतलं कोण आधी हार मानणार हे नशिबावर सोडलेलं नसतं. ते कागदावर ठरवलेलं असतं. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या मानकात बीमच्या सळईला अशी मर्यादा घातलेली आहे की सळईनेच आधी हार मानावी. मर्यादेच्या पलीकडे सळया कोंबल्या की लोखंड इतकं बलवान होतं की ते हार मानायच्या आतच पाठीचं काँक्रीट फुटतं. बीम किंचित जास्त वजन घेईल, पण मोडेल तो न सांगता. मी दोन सळयांचे पैसे देऊन त्या बीमची बोलण्याची सोय काढून घेत होतो.

मला यात खरोखर नवल वाटलं, आणि अजून वाटतं. घर उभं कसं राहील हे डिझायनर बघतो, एवढंच मला माहीत होतं. पण तो आधी ते पडेल कसं हे ठरवतो. कोणी आधी मोडायचं, कोणी शेवटपर्यंत मोडायचं नाही, कोणी मोडताना ओरडायचं, याची रांग लावलेली असते.

बीमच्या आत सळयांभोवती रिंगा असतात, त्याही या रांगेचा भाग. खडूचा तुकडा दोन्ही टोकांना धरून पिळा. तो आडवा मोडत नाही, तिरका, मळसूत्रासारखा मोडतो. पिळलं तरी, कापायला गेलं तरी, ताण तिरका पळतो आणि ठिसूळ वस्तू त्या ताणाला आडवी उघडते. बीमलाही कॉलमजवळ अशाच तिरक्या, पंचेचाळीस अंशांकडे झुकलेल्या भेगा पडू बघतात आणि ही मोड पुन्हा न सांगणाऱ्यांतली. म्हणून कॉलमजवळ रिंगा दाट, मधोमध विरळ. मी फिटरला विचारलं होतं की सगळीकडे सारख्या का नाही बांधत, सोपं पडेल. तो नुसता हसला. आणि नेमक्या त्याच दाट रिंगांच्या जागी ड्रेनेजचा पाइप न्यायला प्लंबर बीम फोडतो, कारण बाथरूम नेहमी कोपऱ्यातच असतं. इमारतींशी माणसं जे काही वाईट वागतात त्यात याचा क्रमांक बराच वर लागेल.

आता कॉलम. डिझायनरसाहेबांच्या रांगेत कॉलम शेवटी उभा आहे, त्याने मोडायचंच नाही. बीम गेला तर एका खोलीचं छत जातं. कॉलम गेला तर त्याच्या डोक्यावरचं सगळं.

कॉलमची मोड समजायला खराट्यातला एक हीर काढून घ्या. उभा धरून वरून बोटाने दाबा. तो चुरडत नाही, फुटत नाही, नुसता बाजूला बाक काढतो. आता तो अर्धा तोडा आणि दाबा. बोटाला टोचेल, पण बाक सहजी येणार नाही. लांबी अर्धी झाली की चौपट जोर लागतो. हे ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये मांडलं, आणि त्याच्या सूत्राकडे बघताना मला गंमत वाटली ती त्यात काय नाही याची. त्यात पदार्थाची ताकद नाहीच. आहे तो फक्त ताठरपणा, छेदाचा आकार आणि लांबी. पोलाद साधं घ्या की भारी प्रतीचं, त्याचा ताठरपणा जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे लांब, बारीक दांडा भारी पोलादाचा केला म्हणून बाकायचा थांबत नाही. पैसे देऊन ही गोष्ट विकत मिळत नाही. जाडी वाढवा, नाहीतर मध्ये कुठेतरी धरून ठेवा.

आपल्याकडे याच जाडीवरून घराघरांत भांडण असतं. कॉलम भिंतीच्या बाहेर दिसायला नको. भिंत नऊ इंच, म्हणून कॉलम नऊ इंच, २३० मिलिमीटर. मानक सांगतं की कॉलमची हिशेबातली लांबी त्याच्या जाडीच्या बारा पटीपर्यंत गेली की तो आखूड राहत नाही, सडपातळ होतो, आणि मग बाक धरण्याचा धोका वेगळा मोजावा लागतो. २३० च्या बारा पट म्हणजे २,७६० मिलिमीटर. साधारण आपल्या एका मजल्याएवढीच. काठावरचा पास. खाली दुकान काढायचं म्हणून तळमजला चार मीटर केला की तोच कॉलम नापास. भूकंपाचा विचार करून सळया कशा बांधाव्यात हे सांगणाऱ्या आयएस १३९२० या मानकाने २०१६ च्या आवृत्तीत भूकंपाला तोंड देणाऱ्या कॉलमची बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी नको असं म्हटलं आहे. आमच्या हॉलच्या कोपऱ्यात त्यामुळे तीन इंचांचा खांदा बाहेर आला आहे. तिथे आता कुंडी ठेवली आहे.

त्याच मानकातली दुसरी अट मला अधिक आवडली. जिथे बीम आणि कॉलम भेटतात, तिथे कॉलमांची मिळून वाकण्याला तोंड द्यायची ताकद बीमांच्या मिळून ताकदीपेक्षा निदान १.४ पट हवी. पुन्हा रांग. जमीन हलेल तेव्हा बीमच्या टोकांनी वाकायचं, भेगाळायचं, धक्क्याची ऊर्जा त्यात जिरवायची. कॉलमांनी ताठ राहायचं. माझ्या दोन सळया बीमला बसल्या असत्या तर बीम कॉलमपेक्षा वरचढ झाला असता, हे उत्तराचं दुसरं अंग तेव्हा कळलं. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. वर विटांच्या भिंतींनी प्रत्येक मजला खोक्यासारखा ताठ आणि खाली नुसते पाय. जमीन हलली तेव्हा सगळा झोक त्या पायांवर आला.

रिंगांचं एक बारकं काम इथेच बघण्यासारखं आहे. कॉलमच्या उभ्या सळया म्हणजे शेवटी हीरच. त्यांना मध्ये मध्ये धरून ठेवतात त्या रिंगा. रिंगेची दोन टोकं काटकोनात वळवून ठेवली तर फिटरचं काम पटकन होतं. पण भूकंपात बाहेरचं काँक्रीट सुटलं की ती टोकं उघडतात आणि सळया मोकळ्या होऊन बाक काढतात. म्हणून टोक काटकोनावर थांबवायचं नाही, आणखी वळवून १३५ अंशांवर न्यायचं, म्हणजे ते कॉलमच्या पोटात घुसून बसतं. फळीवरच्या खुंट्यांत सळई अडकवून फिटर एक हिसका देतो, मग आणखी एक अर्धा हिसका. तो दुसरा अर्धा हिसका. बस, एवढाच फरक. संध्याकाळी थकलेल्या हातांनी तो दिला जातो की नाही, हे काँक्रीट पडल्यावर कोणालाही दिसणार नसतं.

काँक्रीट आणि पोलाद यांचं मुळात जमतंच कसं, हेही मी मध्येच विचारून घेतलं. दोन निसर्गतः परक्या वस्तू, पण एक अंश तापल्यावर काँक्रीट लाखातला एक भाग फुगतं आणि पोलाद सुमारे सव्वा. इतकं जवळ. हे प्रमाण दुप्पट-तिप्पट वेगळं असतं तर प्रत्येक उन्हाळ्यात सळई आतून सुटली असती. शिवाय काँक्रीट अंगचंच अल्कधर्मी, त्यामुळे त्याच्या पोटात सळई सहसा गंजत नाही. पण हे पांघरूण पुरेसं जाड हवं. सळई आणि फळी यांच्यामध्ये ते सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात, ते कव्हर ब्लॉक त्यासाठी: कॉलमला ४० मिलिमीटर, फुटिंगला ५०. कोकणपट्टीत खारा वारा पांघरूण भेदून आत गेला की गंज फुगतो आणि आतूनच काँक्रीट उकलतो.

आणि मग सगळं वजन खाली येतं. आमच्या मधल्या कॉलमवर साठ टन होते. कॉलमच्या छेदावर दर चौरस सेंटिमीटरला साठ किलोच्या जवळ. काँक्रीटला ते चालतं. खालच्या मुरमाला हिशेबात धरलेलं होतं दोन किलो. एका भाषेत आलेलं ओझं तिसाव्या हिश्शाच्या भाषेत जमिनीला सांगायचं, हे फुटिंगचं काम. म्हणून कॉलमच्या पायाखाली १.८ मीटर चौरस पसरलेली बैठक.

फुटिंगची सळई खाली असते, हे मला आधी चूक वाटलं. गॅलरीने मला शिकवलं होतं की बाहेर आलेल्या अंगाला सळई वर हवी, आणि फुटिंगही कॉलमच्या चारही बाजूंना बाहेर आलेलंच. पण गॅलरीवर वजन वरून येतं, फुटिंगवर खालून. जमीन त्याला वर ढकलत असते. फुटिंग ही उलटी टांगलेली गॅलरी आहे. तिची पाठ खाली आहे.

आणि फुटिंग इतकं जाड का, याचं उत्तर खिडकीच्या काचेत मिळालं. काचेवर छर्रा लागला की अलीकडे बारीक भोक आणि पलीकडे मोठं, शंकूसारखा तुकडा उडतो. कॉलम तसाच फुटिंगला भोक पाडून खाली उतरू बघत असतो. या मोडीला फुटिंगमध्ये सहसा सळई घालत नाहीत, नुसत्या जाडीने तोंड देतात. वजन पसरायला रुंदी, भोक पडू नये म्हणून जाडी.

ही भोक पाडणारी मोड किती मुकी असते, याचं उदाहरण सोल शहरातलं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर. तिथे बीम नव्हतेच. सपाट स्लॅब थेट कॉलमांवर टेकलेला. कॉलम ठरल्यापेक्षा बारीक केलेले, सरकत्या जिन्यांसाठी काही कापलेले, वर मागाहून पाचवा मजला चढवलेला. गच्चीवरच्या एअर कंडिशनरच्या जड यंत्रांचा आवाज शेजाऱ्यांना होतो म्हणून ती गच्चीवरूनच ओढत दुसऱ्या टोकाला नेली, आणि त्या वाटेवर भेगा पडल्या. २९ जून १९९५ ला सकाळपासून वरच्या मजल्यावर कॉलमांभोवतीच्या भेगा रुंदावत होत्या. वरचा मजला बंद केला, खालची दुकानं चालू ठेवली. संध्याकाळी सहाच्या सुमारास कॉलम स्लॅबमधून आरपार गेले. वरचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर. ५०२ माणसं गेली. भेगा बोलल्या नव्हत्या असं नाही. पण शेवटी स्लॅब गेला तो एकाएकी.

जमीन मात्र एवढ्या घाईत नसते. आमच्या गावात काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगून घर वर उचलते. जुन्या घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या तिरक्या भेगा वैशाखात उघडतात आणि श्रावणात मिटतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. ती जमीन श्वास घेते हे कळलं आत्ता. मिस्त्रीचा नियम साधा: मुरूम लागेपर्यंत खणायचं. पाया खणताना चार कॉलमांना सात फुटांवर लागला होता. पाचव्याला लागेना. मी म्हटलं, एकाने काय बिघडतं? डिझायनरसाहेब म्हणाले, सगळं घर चार बोटं खचलं तर तुम्हाला कळणारही नाही. एक कॉलम एक बोट खचला तर प्रत्येक दार कुरकुरेल. मेक्सिको सिटीतला पॅलासिओ दे बेयास आर्तेस हा नाट्यगृहाचा प्रासाद बांधकाम चालू असतानाच खचायला लागला, पुढे काही मीटर खाली गेला आणि आजही तिथे कार्यक्रम होतात. पाचवा खड्डा आम्ही अकरा फुटांपर्यंत नेला.

गॅलरीची सेंट्रिंग, म्हणजे टेकू-फळ्या, सगळ्यात शेवटी काढली. खोल्यांचे टेकू मधोमधपासून काढत दोन्हीकडे गेले होते. गॅलरीचे मात्र मोकळ्या टोकाकडून सुरू करायचे, भिंतीकडे यायचं. उलट केलं, म्हणजे टोकाचा टेकू शेवटी ठेवला, तर गॅलरी त्या टेकूवर आणि भिंतीवर टेकलेल्या बीमसारखी वागते आणि तिचं पोट ताणलं जातं, जिथे सळई नाही. मिस्त्रीने टोकाजवळ आडवी सुतळी बांधली, सुतळीपाशी भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि बाहेरच्या टेकूला हातोडीने एक बाजूने ठोकलं. टेकू हलला, निघाला. मग पुढचा. कोणी बोलत नव्हतं. शेवटचा टेकू काढून त्याने फळी ओढली आणि डोळा मिटून सुतळीच्या रेषेत बघितलं.

“किती?” मी विचारलं.

“अर्धं सूत,” तो म्हणाला, आणि फळ्या मोजायला लागला.